नाशिकच्या उन्हात कुत्रं-मांजर सांभाळताना

नाशिकचा उन्हाळा कोरडा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, कधी ओलांडतोही, पण हवेत दमटपणा कमी असतो आणि पहाटे बऱ्यापैकी गारवा येतो. घरातल्या जनावराच्या बाबतीत याचे दोन परिणाम होतात. ओल्या अंगाला वारा लागला की इथे झपाट्याने गार होता येतं, हा फायदा. अंगातलं पाणीही तितक्याच झपाट्याने उडून जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, हा तोटा.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, पण त्याने शरीर गार होत नाही. तोंड उघडून धापा टाकायच्या आणि जीभ, नाक, घसा इथला ओलावा उडवायचा, एवढाच मार्ग त्याच्याकडे असतो. म्हणून पंखा लावला की आपल्याला जितकं बरं वाटतं तितकं त्याला वाटत नाही. घामच नाही तर वारा वाळवणार काय? पोट आणि पाय ओले करून मग पंखा लावला की फरक पडतो. नुसतं पाणी नको, नुसता वारा नको, दोन्ही एकदम हवं. हे एक सूत्र समजलं की बाकीचं बरंचसं आपलं आपल्याला सुचतं.

जास्त जपायचं कुणाला

पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर, पर्शियन मांजर. यांचं नाक चपटं आणि श्वासाची वाट अरुंद. धापा टाकायलाच त्यांना कष्ट पडतात आणि त्या कष्टाने अंग आणखी तापतं. त्यांच्यानंतर लठ्ठ जनावरं, म्हातारी, हृदयाचा त्रास असलेली, लहान पिल्लं आणि दाट दुहेरी केसांची हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन. हस्की नाशिकमध्ये पाळावाच का, हा प्रश्न आणण्याआधी विचारायचा असतो. आणलाच असेल तर दुपारी एसीची खोली ही त्याची गरज आहे, लाड नव्हेत.

वेळेचंही एक भान ठेवा. होळीनंतर ऊन एकदम चढतं, तो पहिला पंधरवडा मे महिन्याइतकाच घातक असतो. उन्हाला सरावायला शरीराला दोन-तीन आठवडे लागतात. परवापर्यंत आठ वाजता मजेत पळणारं लॅब्रेडॉर त्याच वेळेला अचानक कोसळतं ते यामुळे.

फिरायला कधी आणि कुठे

मे महिन्यात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. सहा ते सात ही वेळ उत्तम. संध्याकाळची वेळ मात्र फसवी. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, हवा सुटते, माणसांना छान वाटतं आणि सगळे पट्टे घेऊन बाहेर पडतात. पण डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्याने दिवसभर ऊन प्यायलेलं असतं. भर उन्हात डांबर हवेपेक्षा वीसएक अंशांनी सहज जास्त तापतं आणि ते निवायला वेळ लागतो. तुमच्या पायात चप्पल असते, त्याचे पंजे उघडे असतात. शिवाय त्याचं पोट रस्त्यापासून वीतभर अंतरावर, म्हणजे खालची धग थेट पोटाला.

तपासायची रीत सोपी आहे. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवा. ठेववत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नका. आठ-साडेआठनंतर निघा, माती किंवा गवत असलेलं मैदान निवडा. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी झाकणं यांवरही हीच परीक्षा करा, झाकण तर सगळ्यांत जास्त तापलेलं असतं. घरी आल्यावर पंजे उलटे करून पाहा: गाद्या लालसर, सोललेल्या किंवा फोड आलेल्या दिसल्या, कुत्रं पंजे सारखं चाटत असलं, तर ते भाजणं आहे. गार पाण्याखाली दहा मिनिटं धरा आणि डॉक्टरांना दाखवा. हळद, टूथपेस्ट, तेल यांतलं काहीही लावू नका. चाटून पोटात जातं आणि जखम झाकली जाते.

चेंडू फेकायचा खेळ उन्हाळाभर बंद ठेवला तरी बिघडत नाही. चेंडूवेडं कुत्रं स्वतःहून थांबत नाही, तिथेच घात होतो. त्याऐवजी घरात सुगंध शोधायचे खेळ द्या. टॉवेलात गुंडाळलेला खाऊ शोधणं हेही त्याला दमवतं.

रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कुत्रं पोहायला नेण्याची अनेकांना हौस असते. नेऊ नये असं नाही, पण तिथे काठाला सावली फारशी नसते, आणि पाण्यातून बाहेर आलेलं कुत्रं उन्हात पुन्हा धावत सुटतं. सकाळी लवकर जा, नऊच्या आत परता. गोदावरीत शहराच्या पट्ट्यात, पाणवेली आणि साचलेलं पाणी असेल तिथे, अजिबात उतरवू नका.

गाडीबद्दल एकच. उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, अर्ध्या तासात वीसच्या आसपास. काच चार बोटं खाली ठेवल्याने फरक पडत नाही. ‘फक्त मेडिकलमधून गोळ्या घेऊन येतो’ म्हणून कुत्रं गाडीत ठेवायचं नाही.

घरात, गच्चीवर, अंगणात

सगळ्यात वाईट जागा म्हणजे गच्चीवरचं पत्र्याचं घर. खाली तापलेला स्लॅब, वर तापलेला पत्रा, आत कोंडलेली हवा: ती भट्टीच. ‘सावली आहे की’ हे उत्तर इथे चालत नाही. दुसरी सोय खरोखरच नसेल तर इतकं तरी करा:

पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या आणि वर गोणपाट टाकून ते दुपारी दोन-तीनदा भिजवा. पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून ग्रीन नेट बांधा. नेट पत्र्याला चिकटलेलं असेल तर मधून हवा खेळत नाही आणि उष्णता तशीच खाली उतरते. घर चार विटांवर उचलून घ्या, समोरासमोर दोन बाजू मोकळ्या ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, कारण ती भिंत संध्याकाळनंतरही कित्येक तास धग सोडत राहते. आणि अकरा ते पाच कुत्रं खाली घरात आणा. हे शेवटचं जमलं तर आधीच्या सगळ्याची फारशी गरज उरत नाही.

अंगणात बांधलेल्या कुत्र्याची अडचण वेगळी. सकाळी कडुनिंबाखाली बांधतो तेव्हा सावली असते, दुपारी सावली सरकते आणि साखळी मात्र तिथेच असते. पाण्याचं भांडंही उन्हात येतं किंवा साखळीत अडकून लवंडतं. शक्यतो दुपारी बांधूच नका. बांधावंच लागलं तर एकदा सुट्टीच्या दिवशी तासातासाने सावली कुठे जाते ते बघून जागा ठरवा.

घरात कुत्री-मांजरं आपली जागा आपण शोधतात. मोरीची फरशी, ओट्याखाली, दाराजवळची शहाबादी. तिथून त्यांना हाकलू नका. उन्हाळ्यात गुबगुबीत गादी उचलून ठेवा, हवं तर ओलं करून पिळलेलं तरट अंथरा. लिटरभराच्या दोन बाटल्या गोठवून, पंच्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या की जनावर हवं तेव्हा टेकतं, नको तेव्हा सरकतं. बाजारातल्या जेलच्या गाद्या चावऱ्या कुत्र्याला देऊ नका.

कूलर नाशिकच्या हवेला अगदी योग्य, पण समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. खोली बंद करून कूलर लावला की दमटपणा साचतो, आणि मग कुत्र्याने कितीही धापा टाकल्या तरी ओलावा उडत नाही. लोखंडी बॉडीच्या कूलरची आणखी एक भीती आहे. टाकी गळते, फरशी ओली होते, त्याच गारव्यात कुत्रं अंग टेकून झोपतं, आणि बॉडीत करंट उतरलेला असेल तर पहिला झटका त्याला बसतो. सीझनच्या सुरुवातीला वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांचा प्लग वापरा, वायर भिंतीला वर बांधा. एसी असेल तर 26-27 अंश पुरेसे होतात.

पाणी

साधा हिशेब असा: कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 60 मिली पाणी लागतं. 25 किलोच्या लॅब्रेडॉरला सव्वा ते दीड लिटर. उन्हाळ्यात याच्या दीडपट ते दुप्पट धरा. घरात किमान दोन ठिकाणी भांडी ठेवा, एक लवंडलं तर दुसरं असतं.

मातीचं पसरट भांडं सगळ्यांत चांगलं. कोरड्या हवेत ते पाझरून पाणी गार ठेवतं. मात्र रोज पाणी बदला आणि एक दिवसाआड काथ्याने किंवा ब्रशने घासा, आतून बुळबुळीत थर धरतो. साबण लावू नका, माती तो शोषून घेते आणि मग कुत्रं त्या भांड्याला तोंड लावत नाही. दारातल्या भटक्या कुत्र्यांसाठी सिमेंटची जड कुंडी ठेवा, ती लवंडत नाही. तिचं पाणी रोज ओतून टाका आणि आठवड्यातून एकदा कडा खरवडून धुवा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

पाणी कमी पडतंय का ते हिरड्यांवर बोट फिरवून कळतं. निरोगी हिरडी ओली आणि निसरडी लागते. बोट चिकटल्यासारखं झालं, लघवी गडद पिवळी आणि कमी झाली, तर पाणी कमी पडतंय.

खाणं

‘चिकन-अंडी उष्ण पडतात’ म्हणून उन्हाळाभर फक्त दहीभातावर ठेवलेली कुत्री नाशिकमध्ये घरोघरी आहेत. जूनपर्यंत ती रोडावतात, केस गळतात. नेहमीचा आहार बंद करायचं कारण नाही, वेळ बदला: सकाळी फिरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने आणि रात्री उशिरा. दुपारी भूक मंदावते, ते साहजिक आहे. थोडं दही किंवा मीठ-मिरची न घातलेलं पातळ ताक चालतं, पोट बिघडलं तर बंद करा. काकडी, बिया आणि साल काढलेलं कलिंगड, बर्फाच्या साच्यात गोठवलेलं बिनमिठाचं चिकन सूप, हे सगळं चालतं. शिजवलेलं अन्न भांड्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका.

आता नाशिककरांसाठी खास. जानेवारी ते एप्रिल इथे घराघरात द्राक्षांच्या पेट्या असतात आणि पेटी बहुतेक वेळा जमिनीवरच ठेवलेली असते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही: एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला चार-पाच नडतात. खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट पाहू नका. दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचलात तर उलटी करवता येते. एक-दोन दिवसांनी लघवी थांबल्यावर नेलंत तर हातात फारसं काही उरत नाही. कांदा-लसूणही तसेच, कच्चे असोत वा शिजलेले: तांबड्या पेशी फुटतात, आणि ते काही दिवसांनी दिसतं. मांजराला तर ते आणखी लवकर बाधतात. उरलेला मिसळीचा रस्सा आणि बिर्याणीतले तुकडे यात आलेच.

आंब्याच्या दिवसांत कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं. चोखलेली कोय कुत्रं गिळतं, ती आतड्यात अडकते आणि ऑपरेशन करावं लागतं.

केस कापावेत का

दुहेरी केसांच्या कुत्र्याचं मशीनने चकोट करू नका. वरचे लांब केस ऊन अडवतात. ते काढले की कातडी थेट उन्हात येते, आणि पॉमेरियनसारख्यांचे केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. काढायचा असतो तो खालचा मऊ, गळका थर, तोही ब्रशने. आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटं अंडरकोटचा ब्रश फिरवा. पोटावरचे आणि पंजांच्या गाद्यांमधले केस बारीक केले तरी चालतात, गार फरशीचा स्पर्श कातडीला मिळतो. शिह त्झू, ल्हासा यांचे केस कापता येतात, इंचभर तरी ठेवा.

ब्रश करताना कानाच्या आत, काखेत, बोटांमध्ये गोचीड शोधा, उन्हाळ्यात त्या वाढतात. सुस्ती, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीडतापाची लक्षणं असू शकतात, त्याला ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडू नका. कुत्र्याचं गोचीडनाशक मांजराला कधीही लावायचं नाही. अशा बऱ्याच औषधांत असलेलं पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं.

मांजर

मांजर स्वतःला चाटून ओलं करतं आणि दुपारभर हलत नाही, त्यामुळे ते कुत्र्यापेक्षा बरं निभावतं. ओल्या फडक्याने डोकं आणि पाठ पुसून दिली तरी पुरतं. पाणी कमी पितं, म्हणून ओलं खाणं द्या आणि पाण्याचं भांडं जेवणापासून लांब ठेवा. उन्हाळ्यातला खरा धोका उघड्या खिडक्यांचा. चौथ्या मजल्यावरच्या गजांमधून कबुतरामागे झेप घेतलेलं मांजर खाली पडतं, म्हणून जाळी हवीच. कपाट, माळा, वॉशिंग मशीन बंद करण्याआधी आत बघा. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर ‘कुत्र्यासारखं करतंय’ म्हणून हसू नका, तडक दवाखाना गाठा.

ऊन लागलं तर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर धोका, 106 ला जीवावर बेतलेलं. साधा डिजिटल थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळा घेऊन ठेवा. टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात इंचभर आत, बीप होईपर्यंत.

लक्षणं साधारण या क्रमाने येतात: धापा थांबतच नाहीत, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या लालभडक, मग तोल जाणं, उलटी, जुलाब, कधी रक्ताचे. त्यानंतर हिरड्या फिकट किंवा निळसर, झटके, शुद्ध हरपणं. तोल जाईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

आधी गार करा, मग न्या. गार न करता वीस मिनिटं ट्रॅफिकमधून पळवलेलं कुत्रं दवाखान्यात पोचेपर्यंत आतून भाजत राहतं.

1. सावलीत, फरशीवर घ्या. गळ्यातला पट्टा, हार्नेस काढा. तोंड बांधू नका.

2. पाणी ओता, पण कुठलं ते बघा. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळाला हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते ओतून उपयोग नाही. बाथरूममध्ये सकाळी भरून ठेवलेली बादली, माठ, फ्रिजच्या बाटल्या साध्या पाण्यात मिसळून, जे हाताशी असेल ते. उन्हाळाभर एक भरलेली बादली घरात ठेवायची सवय इथे कामी येते. पाणी त्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं, बर्फाच्या लाद्या आणायला पळू नका.

3. तांब्याने काखा, जांघा, पोट, मान, पंजे भिजवा. पाठीवर ओतलेलं पाणी दाट केसांवरून ओघळून जातं, हाताने केस उलटे करत कातडीपर्यंत पोचवा. नाका-तोंडावर नको.

4. पंखा किंवा कूलर पूर्ण जोरात त्याच्याकडे फिरवा. वीज नसेल तर पुठ्ठ्याने वारा घाला.

5. तेवढ्यात दुसऱ्याने डॉक्टरांना फोन करावा. दहा मिनिटं गार करून निघा.

6. दर पाच मिनिटांनी तापमान बघा. 103 ला आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जाऊन थंडी भरते. थर्मामीटर नसेल तर धापा मंदावल्या की थांबा.

वाटेत गाडीचा एसी चालू ठेवा. रिक्षा असेल तर पडदे वर, अंग ओलं. दोन पायांमध्ये स्कूटरवर बसवून नेऊ नका, शुद्ध हरपलेलं कुत्रं सावरत नाही.

ओला टॉवेल पांघरून ठेवणं ही नेहमीची चूक. दोन मिनिटांत टॉवेल गरम होतो आणि वाफ आत कोंडते. बेशुद्ध किंवा गळून गेलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शुद्धीवर असेल तर भांडं समोर ठेवा, घोटभर त्याचं तो पिईल. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन देऊ नका: हा ताप नव्हे, त्यामुळे या गोळ्यांनी उतरत नाही, उलट किडनी-यकृताला इजा होते, मांजर तर एका गोळीने दगावू शकतं. तळपायाला कांदा चोळायचा घरगुती उपाय माणसांवर करा हवा तर. कुत्रं पाय चाटतं आणि कांदा पोटात जातो.

उठून शेपूट हलवायला लागलं तरी दवाखाना टाळू नका. किडनी, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया यांचं नुकसान पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येतं, रक्ततपासणीशिवाय ते कळत नाही.

ससा, पक्षी, मासे

सशाला 28-30 अंशांपुढे त्रास सुरू होतो. गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, बोटं ओली करून कान पुसा. पाण्यात बुडवू नका, तो धक्क्यानेच जाऊ शकतो.

बजी, कॉकटील चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरून बसले की त्यांना उकडतंय. पिंजरा बाल्कनीतून आत घ्या, उथळ ताटलीत अंघोळीचं पाणी द्या, एसी-कूलरचा झोत थेट नको. (आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याच्यासाठी गच्चीवर पाणी ठेवा.)

माशांच्या टाकीत पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासे वर येऊन तोंड मारू लागतात. झाकण काढून जाळी लावा, टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फ थेट टाकू नका, बंद बाटली गोठवून तरंगत ठेवा. खाणं निम्मं करा. देखभालीसाठी वीज जाते त्या दिवसांकरिता सेलवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

मे संपता संपता ढग येतात आणि हवा दमट होते. पारा 34-35 वर उतरलेला दिसतो म्हणून दुपारचं फिरणं सुरू करू नका. अशा हवेत अंगावरचं पाणी वाळत नाही, धापांचाही उपयोग होत नाही आणि कूलर तर आणखी दमटपणा वाढवतो. कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, चपट्या नाकाच्यांना एसीत ठेवा, आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस होईपर्यंत पहाटेचीच वेळ पाळा.